मनाचा पेपर, आणि तो कागद कोणाकडे राहतो

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा.

आमच्या पाहुण्यांच्यातली एक पोरगी आठवीला आहे. गणित बरं, बोलायला तरतरीत. ती जिथं जायची त्या क्लासवाल्यांनी (नाव घेत नाही, क्लास आपल्या तालुक्यातला नाही) तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि आठ दिवसांनी रंगीत पानांचा रिपोर्ट हातात दिला. साडेतीन हजार रुपये. त्यात लिहिलं होतं की मुलीत नेतृत्वगुण कमी, तर्क मध्यम, कलेकडे वळवावं. भावकीतल्या चौघांनी तो वाचला, वर्गातल्या पोरींनीही वाचला. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "काका, माझं गणित नाहीच आहे मुळात, रिपोर्टमध्ये आलंय." तिच्या बापाला विचारलं तर तो म्हणाला, कॉम्प्युटरनं सांगितलंय, आपण काय बोलणार.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी ओळखण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, हे देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलेलं आहे. तो विषय तिथं संपतो. पण आता आपल्याच भागातल्या एका शाळेत पालकांपुढं दुसरा प्रस्ताव आलाय. आठवी ते दहावीच्या सगळ्या पोरांची मोबाईलवर 'व्यक्तिमत्त्व चाचणी' घ्यायची आणि रिपोर्ट शाळेच्या फायलीत लावायचा. ही चाचणी ठशांची नाही, प्रश्नांची आहे, म्हणजे जरा बरी जात. शनिवारी पालकसभा आहे आणि मी जाणार आहे. जाण्याआधी जरा वाचावं म्हणून बसलो आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी पोचलो. कॅथलिक चर्चमध्ये.

तिथं का, ते सांगतो. माणसाचं मन कागदावर मोजता येतं का, मोजलं तर तो कागद कोणाचा, यावर कंपन्यांनी आणि सरकारांनी जेवढा विचार केला नसेल तेवढा या एका धर्मसंस्थेनं केलाय. भांडत, चुकत, बंदी घालत, पुन्हा परवानगी देत, जवळजवळ नव्वद वर्षं. कारण त्यांच्यापुढचा प्रश्न रोकडा आहे. एका तरुणाला दहा-बारा वर्षं शिकवायचं, मग त्याच्या हाती एक गाव द्यायचं. लोक त्याच्यापुढं गुडघे टेकून आपली पापं सांगणार, पोरंबाळं त्याच्या भरवशावर सोडणार. तो माणूस आतून कसा आहे हे आधी कळायला नको?

आपल्या भागात चर्च म्हटलं की नगर, सोलापूर नाहीतर पुणं आठवतं. सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो आणि तो धर्मप्रांत १८८६ सालचा आहे. जेऊरहून गाडीनं पुण्याला उतरून नगर रोडला कामाला जाणारे आपल्यातले कितीतरी जण रोज रामवाडीवरून जातात. आता तिथं मेट्रोचं शेवटचं स्टेशन झालंय. त्या रामवाडीत पेपल सेमिनरी आहे. सेमिनरी म्हणजे फादर घडवायची निवासी शाळा. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ती सिलोनात कँडीला काढली, आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. शेजारीच येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइट फादरांचं, डी नोबिली कॉलेज आहे. या पत्त्यावर आपण परत येणार आहोत.

पूर्वी कसं पारखायचे?

फादर घडवायला अशा शाळा असाव्यात हा ठराव ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये केला. पण माणूस पारखायची प्रश्नावली त्याच्याही आधीची आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी संघात येणाऱ्यासाठी प्रश्न लिहून ठेवले होते. खून केलायस का, लग्न झालंय का, आधी दुसऱ्या संघाचा झगा घातला होतास का, असे. आणि त्यातच एक असा, की मनाचा असा काही आजार होऊन गेलाय का ज्यात विवेकच झाकोळला होता. सोळाव्या शतकातली गोष्ट. म्हणजे अर्ज भरून घ्यायची पद्धत अमेरिकेनं शोधली असं समजायचं कारण नाही.

दुसरी पद्धत मला फार आवडली, कारण ती आपल्या चावडीसारखी आहे. दीक्षा व्हायच्या आधी त्या मुलाचं नाव त्याच्या गावच्या चर्चमध्ये सणावाराच्या मिस्साला मोठ्यानं वाचायचं. कोणाला काही अडचण माहीत असेल तर ती सांगणं हे कर्तव्य. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात हे स्पष्ट कलम होतं. पोरगी द्यायच्या आधी आपण मुलाच्या गावात, त्याच्या आजोळी, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात गुपचूप चौकशी करतोच की नाही? तेच. शिवाय सोबत राहणाऱ्यांकडून गुप्त अभिप्राय मागवायचे. वर्षानुवर्षं एका छताखाली ठेवून बघायचं. जेवताना कसा वागतो, रागावल्यावर काय करतो, आजारी सोबत्याला पाणी देतो का.

याही पद्धतीत खोट होती. गाव मोठ्या घरच्या पोराबद्दल तोंड उघडत नाही, आणि गरिबाच्या पोराची आठ वर्षांपूर्वीची भानगड विसरत नाही. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मिनेसोटाच्या फुटपट्टीनं

मानसशास्त्र आणि पाद्री यांचं नातं तसं आपल्या शेजारचंच. गोव्याच्या कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया हे दीक्षा घेतलेले पाद्री. त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि १८१९ च्या पुस्तकात मांडलं की झोप लागते ती कसल्या चुंबकशक्तीनं नव्हे, समोरच्याच्या स्वतःच्या मनामुळं. पणजीत त्यांचा पुतळा आहे, बऱ्याच जणांनी त्याच्याजवळ सेल्फी काढली असेल.

पण चाचण्यांची खरी सुरुवात अमेरिकेत झाली. थॉमस व्हर्नर मूर हे पाद्रीही होते आणि मनोविकारतज्ज्ञही. त्यांनी १९३६ मध्ये मनोरुग्णालयांतली माहिती गोळा करून लिहिलं की फादर आणि सिस्टर मंडळींत मनोविकाराचं प्रमाण एकूण समाजापेक्षा कमी आहे, पण काही ठरावीक प्रकारचे आजार मात्र त्यांच्यात जास्त दिसतात. त्यांचं म्हणणं, काही मुलं आतल्या आजारामुळंच या शांत आयुष्याकडं ओढली जात असतील, तर त्यांना आत घ्यायच्या आधीच तपासा.

मग १९४३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून एमएमपीआय ही चाचणी बाहेर पडली. साडेपाचशे विधानं, प्रत्येकापुढं खरं की खोटं एवढंच लिहायचं. उत्तरांची बेरीज करून आलेख काढायचा आणि तो 'सर्वसाधारण' माणसाच्या आलेखाशी लावून बघायचा. आता हा सर्वसाधारण माणूस कोण? इथं मी वाचताना थांबलो. विद्यापीठाच्या दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेले नातेवाईक, सोयरे, मित्र. सातशेच्या वर माणसं. बहुतेक गोरी, बरीचशी खेड्यातली, शिक्षण सरासरी आठवीपर्यंत. म्हणजे सोलापूरच्या सिव्हिलमध्ये डबा घेऊन आलेल्या माणसांना बाकड्यावर बसवून पेपर भरून घ्यावा आणि त्यावरून जगाचं शहाणपण ठरवावं, तसा प्रकार. चाचणी वाईट होती असं मी म्हणत नाही. दवाखान्यात डॉक्टरांना तिचा उपयोग झाला, सुधारलेल्या रूपात आजही होतो. पण फुटपट्टी कुठल्या लाकडाची आहे हे माहीत पाहिजे.

आणि ती लगेच सेमिनरीत गेली. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठातले जेझुइट मानसशास्त्रज्ञ विल्यम बीयर यांनी १९४८ मध्ये सेमिनरीतली मुलं आणि डॉक्टरकी, दंतवैद्यकी, वकिली आणि साधं कॉलेज शिकणारी मुलं यांची तुलना केली. सगळेच विद्यार्थी मिनेसोटाच्या 'सर्वसाधारण' रेषेपासून हललेले निघाले, आणि सेमिनरीवाले सगळ्यात जास्त. याचा अर्थ ही मुलं बिघडलेली होती का? बीयरना तसं वाटलं नाही. त्या पेपरात धर्माविषयी, देव-सैतानाविषयी, शरीराविषयी अशी विधानं होती की सेमिनरीत राहणाऱ्या मुलानं प्रामाणिक उत्तर दिलं तरी दवाखान्याच्या हिशोबात त्याचे मार्क 'आजारी' बाजूला पडणार. वारकऱ्याला विचारा, तुला कधी विठ्ठल बोलावतोय असं वाटतं का. तो हो म्हणणार. त्याला भास होतात असं लिहाल का? बीयर यांनी न बसणारी विधानं वगळून सेमिनरीसाठी वेगळी आवृत्ती केली. मला वाटतं या सगळ्या इतिहासात अक्कल दाखवणाऱ्या थोड्या माणसांत हा एक. त्यांनी फुटपट्टी फेकली नाही, पण पोरांना खोटंही पाडलं नाही, फुटपट्टी तासली.

रोम घाबरलं, आणि एक गोष्ट बरोबर बोललं

इकडं अमेरिकेत पेपर वाटले जात होते, तेव्हा तिकडं रोमला काळजी लागली होती. १० एप्रिल १९५८ ला उपयोजित मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जमलेल्या तज्ज्ञांपुढं पोप बारावे पायस बोलले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. भाषण लांबलचक आहे, पण त्यातला एक मुद्दा आजही कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लावावा असा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या मनात जे आहे ते त्याच्या मालकीचं आहे. हेतू कितीही चांगला असो, त्याच्या परवानगीशिवाय तज्ज्ञानं तिथं शिरायचं नाही. ज्या गोष्टी माणूस जगापासून झाकून ठेवतो त्या चाचणीच्या आडवाटेनं काढून घेणं हा अन्याय आहे.

जुन्या वळणाचा पोप, पण डेटा, प्रायव्हसी हे शब्द आपल्याकडं कोणाच्या तोंडी नव्हते तेव्हा हे बोलला.

मग मात्र रोमनं टोक गाठलं. १५ जुलै १९६१ ला होली ऑफिसनं ताकीद काढली: पाद्र्यांनी मनोविश्लेषण करायचं नाही, दीक्षेआधी मनोविश्लेषण झालंच पाहिजे हे मत चुकीचं, आणि गंभीर कारण असल्याशिवाय व वरिष्ठांच्या परवानगीशिवाय फादर-सिस्टरांनी मनोविश्लेषकाकडं जायचंही नाही. त्याच काळात मेक्सिकोत कुएर्नावाका इथं ग्रेगोरियो लेमेर्सिए नावाच्या मठाधिपतीनं आख्खा मठ मनोविश्लेषणाला बसवला होता. गटागटानं संन्यासी बसायचे, मन उघडं करायचे. निम्म्याहून जास्त मठ सोडून गेले. रोमनं १९६७ मध्ये ते बंद पाडलं, आणि पुढं लेमेर्सिए स्वतःही बाहेर पडले. विरोधक म्हणाले, बघा, मानसशास्त्रानं मठ फोडला. लेमेर्सिए यांचं म्हणणं की जे जायचेच होते ते वेळेवर गेले. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं.

गंमत म्हणजे त्याच १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ब्रह्मचर्यावरच्या पत्रकात लिहिलं की शंका असेल तिथं उमेदवारासाठी डॉक्टरची किंवा जाणकार मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी. सहा वर्षांत एवढा फरक. आणि पुढं २०१७ मध्ये तर पोप फ्रान्सिस यांनी स्वतःच सांगून टाकलं की बेचाळिसाव्या वर्षी ते सहा महिने आठवड्यातून एकदा एका ज्यू बाईंकडं मनोविश्लेषणासाठी जात होते. १९६१ चं पत्रक काढणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असतं!

तीच चित्रं, आपली पोरं

१९७१ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात लुइजी रुल्ला या जेझुइटांनी मानसशास्त्राची संस्था काढली. हे आधी सर्जन होते, मग मनोविकारतज्ज्ञ झाले. भारतातले अनेक फादर-सिस्टर पुढं तिथं शिकून आले. रुल्लांचा सिद्धांत असा की मुलगा तोंडानं जे ध्येय सांगतो आणि आत जी भूक असते त्यात अंतर असतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. हे अंतर शोधायला त्यांनी ज्या चाचण्या वापरल्या त्यातली एक होती चित्र दाखवून गोष्ट लिहून घ्यायची. टीएटी.

एनडीएची तयारी केलेल्या आपल्या पोरांना हे नाव लगेच कळेल. एसएसबीला हेच असतं. धूसर चित्र अर्धा मिनिट बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी अकरा चित्रं आणि शेवटी एक कोरं पान. हार्वर्डमध्ये १९३० च्या दशकात तयार झालेली ही एकच कल्पना, आणि तिनं कोणी फादर व्हायला लायक का ते बघितलं, कोणी लेफ्टनंट व्हायला लायक का तेही. फरक एवढा की एसएसबीत पाच दिवस असतात, चाचणीशिवाय मैदानावरचे टास्क आणि मुलाखतही असते, आणि तिघं वेगवेगळं बघून मग एकत्र बसून ठरवतात. एका कागदावर कोणाला घरी पाठवत नाहीत. आणि 'स्क्रीन आउट' झालेला पोरगा जेऊरला परत येतो तेव्हा त्याच्या मनाचा अहवाल त्याच्या मामाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत नसतो.

त्याच दशकांत शिबिरांतून आणखी दोन गोष्टी फोफावल्या. मायर्स-ब्रिग्ज, म्हणजे चार अक्षरांत माणूस, आणि एनिअग्राम, म्हणजे नऊ आकड्यांत माणूस. आजच्या कंपन्यांच्या एचआरवाल्यांचं हे आवडतं खेळणं. एनिअग्राम तर १९७१ च्या सुमारास एका जेझुइट फादरमार्फतच चर्चच्या शिबिरांत शिरला, आणि २००३ मध्ये व्हॅटिकननंच एका दस्तऐवजात त्यावर बोट ठेवलं. मायर्स-ब्रिग्जचं दुखणं वेगळं. काही आठवड्यांनी पुन्हा पेपर दिला की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. शिबिरात गप्पा रंगवायला ठीक. त्यावरून कोणाची बदली, कोणाची दीक्षा ठरवू लागलात तर पत्रिका काय वाईट होती?

पुण्यातला उलटा प्रयोग

आता रामवाडीला परत येऊ. अँथनी डिमेलो हे नाव पुस्तकं वाचणाऱ्यांना माहीत असेल. मुंबईत १९३१ मध्ये जन्म, १९४७ मध्ये येशूसंघात, मग पुण्यात धर्मशास्त्र आणि शिकागोला मानसशास्त्राचं शिक्षण. १९७३ मध्ये त्यांनी डी नोबिली कॉलेजात 'साधना' ही संस्था सुरू केली, ती पुढं लोणावळ्याला गेली. काही महिन्यांचे निवासी वर्ग. येणारे फादर, सिस्टर, आणि मुख्य म्हणजे तरुणांना घडवणारे शिक्षक-फादर.

तिथं माणसाची छाननी व्हायची नाही. अमेरिकन समुपदेशनातलं ऐकून घेणं, श्वासाकडं लक्ष देणं, विपश्यनेसारखं शांत बसणं, गटापुढं खरं बोलणं. तुझ्यात काय चाललंय ते तूच बघ, मी फाईल करत नाही. पाश्चात्त्य मंडळी पेपरावर मन काढून घेत होती, तेव्हा पुण्यात एक मुंबईकर फादर म्हणत होता की आरसा ज्याचा त्याच्या हातात द्या. मला हा फरक लहान वाटत नाही. अर्थात डिमेलोंची पद्धत सगळ्यांना झेपली असं नाही, आणि रोमलाही ती पचली नाही. ते जून १९८७ मध्ये न्यूयॉर्कला वारले (फोर्डम विद्यापीठातच, जिथं बीयर शिकवायचे), आणि अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, कार्डिनल रात्झिंगर यांच्या कार्यालयानं जाहीर केलं की त्यांच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत.

चाचण्यांनी वाचवलं का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेत पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा बिशपांनीच न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजला अभ्यास करायला सांगितला. २००४ च्या अहवालात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ पाद्र्यांवर आरोप झाल्याचं आलं, म्हणजे त्या काळातल्या पाद्र्यांपैकी सुमारे ४ टक्के. तक्रारदार १०,६६७. ही पोरं होती, मंडळी. आकडा वाचून पुढं जाऊ नका.

दुसरा अहवाल २०११ चा. त्यांनी आरोप असलेल्या आणि नसलेल्या पाद्र्यांचे मानसशास्त्रीय अहवालही ताडून बघितले. निष्कर्ष काय? चाचण्यांवरून दोघांत फरक सांगता येत नव्हता. ज्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त गरज होती तिथंच कागद मुका निघाला. तक्रारी दाबल्या गेल्या, माणूस या गावातून त्या गावात बदलला गेला, बहुतेक वेळा कोणी पोलिसांत गेलं नाही. हे वरिष्ठांच्या वागण्यातलं होतं, आणि वरिष्ठांचा पेपर कोणी घेतला नव्हता.

म्हणून शाळेत कोणी मला म्हणालं की चाचणीनं 'प्रॉब्लेम असलेली' पोरं आधीच ओळखता येतील, तर मी हा अहवाल सांगणार आहे.

उलट बाजूही बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कॅथलिक नव्हेत, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे. पण उदाहरण घरचं आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलीत त्यांना टिळकांचा स्वभाव माहीत आहे. क्षणात भडकणार, न सांगता घर सोडून जाणार, खिशातले पैसे रस्त्यात वाटून येणार. आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरीही सोडून 'देवाचा दरबार' काढला. कुठल्याही व्यक्तिमत्त्व चाचणीत हा माणूस 'अस्थिर' शेऱ्यासह बाहेर! आणि आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात उजाड माळावर पाणलोटाची कामं उभी करणारे स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर, ज्यांच्या कामातून १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. हा तरुण पुढं परक्या देशात गावकऱ्यांसोबत चर खणत फिरेल, हे कुठल्या आलेखात दिसलं असतं? उजनीच्या पाण्यावर ऊस-केळी करणाऱ्या आपल्याला कोरडवाहू गावातल्या त्या चरांची किंमत चटकन कळत नाही, पण करमाळ्याच्या वरच्या अंगाच्या लोकांना विचारा.

२००८ चा नियम

इतक्या घोळानंतर व्हॅटिकनच्या शिक्षण विभागानं २००८ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. मूळ कागद कोरडा आहे, पण मी दोनदा वाचला. त्यात मानसशास्त्राला नकार नाही. गरज पडेल तिथं तज्ज्ञाची मदत घ्या, असं आहे. प्रत्येकाची चाचणी सक्तीनं घ्या असं मात्र नाही. जिथं घ्याल तिथं उमेदवाराची संमती आधी हवी, स्पष्ट हवी, कशासाठी हे सांगून घेतलेली हवी आणि दबावाशिवाय हवी. तो नाही म्हणाला तर जबरदस्ती करायची नाही, आपल्याकडं असलेल्या इतर माहितीवरून ठरवायचं. तज्ज्ञानं काढलेला निष्कर्ष सेमिनरीच्या प्रमुखांना कळवायचा तर उमेदवाराची लेखी परवानगी पाहिजे. आणि घडवणाऱ्या फादरांनी स्वतःच हौशी मानसशास्त्रज्ञ होऊन ही तंत्रं वापरायची नाहीत.

यात एक पेच आहेच. बिशपापुढं उभा असलेला वीस वर्षांचा पोरगा, ज्याला आयुष्यभराचं स्वप्न पुरं करायचंय, तो 'नाही' म्हणेल का? संमती कागदावर मोकळी असते, खोलीत नसते. नियम लिहिणाऱ्यांनाही हे कळत असणार. तरीपण नियम लिहिला, हे काही कमी नाही. निदान ज्याच्यावर दबाव येतो त्याला बोट ठेवायला ओळ तरी आहे.

आमच्या पाहुण्यांच्या पोरीला असली ओळ नव्हती. तिला कोणी विचारलं नाही, तिच्या बापाकडून पैसे घेतले फक्त. आणि ती तेरा वर्षांची आहे, सेमिनरीतला पोरगा निदान सज्ञान असतो.

तर शनिवारी सभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे. चाचणी कोणत्या मुलांवर तयार झालीय, मिनेसोटाच्या की महाराष्ट्राच्या? समजावून सांगायला शिकलेला माणूस समोर बसणार आहे की नुसती पीडीएफ येणार? आणि रिपोर्ट शाळेच्या फायलीत का, पोराच्या आणि आईबापाच्या हातात का नाही? मुख्याध्यापक सर भला माणूस आहे, हेतूबद्दल शंका नाही. दहावीनंतर पोरं भरकटतात म्हणून त्यांची तळमळ आहे. त्यासाठी समुपदेशक महिन्यातून दोनदा बोलवा, वर्गणीतले दोनशे मी देतो, असंही सांगणार आहे.

सभा सकाळी अकराला आहे. ज्यांची पोरं आठवी ते दहावीत आहेत त्यांनी कामाचा खाडा करून या, आणि बायकांना घरी ठेवून येऊ नका. पोरांचं मन त्यांना जास्त माहीत असतं. त्या पोरीच्या आईलाही मी फोन केलाय. तो रंगीत रिपोर्ट घेऊन ती येते म्हणालीय.